घडियाळी पोळेतली नाडी

वडोदऱ्याच्या घडियाळी पोळेतल्या जुन्या घरांचे जिने उभे असतात. अरुंद, लाकडी, चढताना दोरीला धरावे लागते असे. या जिन्याने वर्षानुवर्षे दिवसातून दहादा वरखाली केलेली सत्तरीची बाई एके दिवशी मधल्या पायरीवर थांबते, दम खाते, आणि घरचे म्हणतात, आता वय झाले. दवाखान्यात ती सांगते, "गभरामण होते." घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती बोलणाऱ्या वडोदऱ्यात हा शब्द दोन्हीकडे चालतो. त्यात धडधड आली, जीव घाबराघुबरा होणे आले, आणि मनाची काळजीही आली. ऐकणारा घाईत असला तर त्यातली काळजी तेवढी ऐकतो आणि झोपेची गोळी लिहून देतो. मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजले असते, तर कळले असते की ठोके जलद तर आहेतच, शिवाय एका ठोक्याचा दुसऱ्याशी मेळ नाही. दोन लागोपाठ येतात, मग एक बराच उशिरा, मग तीन घाईने.

या विकाराचे नाव एट्रिअल फिब्रिलेशन. दवाखान्यात त्याला एएफ म्हणतात, इथेही तेच म्हणू. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना शाळेच्या पुस्तकात आपण कर्णिका म्हणत होतो आणि खालच्या दोन कप्प्यांना जवनिका. उजव्या कर्णिकेच्या माथ्याशी पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो विजेचा इशारा देतो, कर्णिका आकसतात, इशारा मधल्या गाठीपाशी क्षणभर थांबून खाली उतरतो आणि जवनिका रक्त पुढे ढकलतात. दिवसाकाठी हे सुमारे एक लाख वेळा घडते. एएफमध्ये कर्णिकांच्या भिंतींतून मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत इशारे फिरू लागतात. कर्णिका धड आकसत नाहीत, नुसत्या थरथरतात. मधली गाठ त्यातले झेपतील तेवढे इशारे खाली सोडते, म्हणून नाडी अशी अडखळत येते.

धडधडीने सहसा कोणी दगावत नाही. भीती रक्ताच्या गुठळीची आहे. डाव्या कर्णिकेला कानाच्या पाळीसारखी एक चिमुकली पिशवी चिकटलेली असते. कर्णिका थरथरू लागली की या पिशवीत रक्त साचून राहते आणि साचले की गोठते. झडपा ठीक असलेल्या एएफच्या रुग्णांत गुठळी सापडते तेव्हा दहातल्या नऊ वेळा ती याच पिशवीत असते. ती सुटली आणि मेंदूकडे गेली की अर्धांगवायू. एएफमुळे हा धोका सुमारे पाचपट होतो. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, जितक्या लवकर तितके चांगले. पोळेजवळच्या मांडवीच्या गर्दीतून, जिथे रिक्षाही जपून वळवावी लागते अशा गल्लीतून, दुसऱ्या मजल्यावरचा माणूस उभ्या जिन्याने खाली आणायचा म्हणजे त्यातली किती मिनिटे जातात याचा हिशेब पोळेत राहणाऱ्यांनी एकदा करून ठेवावा. १०८ची रुग्णवाहिका कुठवर येते आणि तिथपर्यंत माणूस खुर्चीत बसवून कोण नेणार, हे घरात आधी ठरलेले असले पाहिजे.

शेजारच्या आणंद जिल्ह्यात काही वर्षांपूर्वी ५० गावांत पाहणी झाली. पन्नाशी ओलांडलेल्या लोकांच्या घरी जाऊन, मोबाइलला जोडता येणाऱ्या छोट्या उपकरणाने हृदयाची पट्टी (ईसीजी) काढली गेली. शंभरात सरासरी दीड माणसाहून थोड्या अधिक, म्हणजे १.६ टक्के लोकांना एएफ निघाला. आकडा लहान वाटतो. पण पन्नाशीपुढच्या हजार माणसांत सोळा. पोळेतल्या ओळखीच्या घरांवर नजर टाकली तर असा एखादा माणूस आपल्या माहितीत असणारच, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही एवढेच.

रुग्णालयांच्या फलकांवर हल्ली ‘छाती न उघडता हृदयाचे ऑपरेशन’ असे शब्द सर्रास दिसतात. एएफवरची दुर्बिणीची शस्त्रक्रिया त्यातलीच एक. ती खरी आहे, योग्य रुग्णाला तिचा खरोखर उपयोग होतो. मात्र घरातली मंडळी तिच्याबद्दल बोलू लागली की सगळे लक्ष छिद्रांच्या आकाराकडे जाते आणि आत काय केले जाणार आहे हा प्रश्न मागे पडतो. बाहेरून दिसणारी जखम एक सेंटिमीटरची असली तरी आत काम चाललेले असते ते धडधडत्या हृदयावर, फुप्फुसांतून रक्त आणणाऱ्या शिरांच्या मुळाशी. निर्णय घ्यायचा तो त्या कामाकडे पाहून.

हे काम कुठून आले ते थोडक्यात सांगितले पाहिजे. २५ सप्टेंबर १९८७ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात, बार्न्स रुग्णालयात, डॉ. जेम्स कॉक्स यांनी एका रुग्णाच्या कर्णिकांत ठरवून छेद घेतले आणि ते पुन्हा शिवले. शिवलेल्या जागी व्रण तयार होतो आणि व्रणातून वीज वाहत नाही. छेदांची रचना अशी की भरकटलेल्या इशाऱ्याला जिथे तिथे भिंत लागावी आणि खऱ्या इशाऱ्याला खाली उतरायला एकच वाट उरावी. म्हणून या शस्त्रक्रियेला ‘मेझ’, म्हणजे भुलभुलैया, हे नाव पडले. परिणाम उत्तम होता, किंमतही तशीच: छातीचे हाड उभे कापायचे, हृदय थांबवायचे, शरीराचा रक्तपुरवठा यंत्रावर चालवायचा. फक्त ठोक्यांच्या तक्रारीसाठी एवढे सोसायला फार थोडे लोक तयार होत.

मग १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरातून मिशेल हैसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. ४५ रुग्ण, आणि त्यांच्यात एएफ पेटवणाऱ्या ठिणग्यांपैकी ९४ टक्के ठिणग्या डाव्या कर्णिकेत उघडणाऱ्या फुप्फुसशिरांच्या आत. या एका शोधाने सगळे चित्र पालटले. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, शिरांच्या तोंडाभोवती उष्णतेने किंवा गोठवून व्रणाचे कडे काढायचे, असा कॅथेटर अ‍ॅब्लेशनचा मार्ग रूढ झाला. अलीकडे विजेच्या अत्यल्प काळाच्या स्पंदांनी तेच कडे काढण्याचे तंत्रही आले आहे. आणि शल्यविशारदांनी विचार केला की तेच कडे बाहेरच्या बाजूने, छाती न चिरता काढता येईल. या शतकाच्या पहिल्या दशकात सिनसिनाटीच्या डॉ. रँडल वुल्फ यांनी रूढ केलेल्या या पद्धतीला ‘मिनी-मेझ’ म्हणतात.

तिच्यात नेमके काय होते? रुग्णाला पूर्ण भूल दिलेली असते. श्वासनलिकेत दुहेरी नळी घालतात, म्हणजे एक फुप्फुस मिटवून दुसऱ्यावर श्वास चालू ठेवता येतो. मिटलेल्या बाजूने बरगड्यांच्या मधून साधारण तीन छिद्रे पाडतात, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून अवजारे. श्वासपटलाकडे जाणारी नस हृदयावरच्या आवरणालगत उतरते. ती सांभाळून आवरण उघडतात. त्या बाजूच्या दोन्ही फुप्फुसशिरा मिळून एका चिमट्याच्या जबड्यात घेतात आणि रेडिओलहरींच्या उष्णतेने कर्णिकेच्या भिंतीत, आरपार जाईल असा व्रण करतात. चिमटा हे या पद्धतीचे खरे बळ आहे. नळीच्या टोकाने आतून ठिपक्याला ठिपका जोडत रेषा काढताना मध्ये फट राहू शकते, आणि महिन्यांनी त्याच फटीतून वीज पुन्हा वाट काढते. चिमट्याने भिंत दोन्ही बाजूंनी दाबली जाते, म्हणून व्रण सलग होण्याची खात्री जास्त. काम झाल्यावर शिरेकडून वीज येते का, आणि शिरेकडे जाते का, हे तिथेच तपासतात. मग तेच सगळे दुसऱ्या बाजूने. डाव्या बाजूला असताना आणखी एक गोष्ट होते, आणि आमच्या मते तिचे मोल व्रणाइतकेच आहे: ती कानाच्या पाळीसारखी पिशवी बाहेरून चाप लावून बंद करतात. हृदय या सगळ्या वेळात आपले आपण चालूच असते, यंत्राची गरज पडत नाही. सगळे सुरळीत झाले तर रुग्ण काही दिवसांत घरी जातो.

सगळे सुरळीत होतेच असे नाही. रक्तस्राव आवरला नाही तर छाती उघडावी लागते. ती श्वासपटलाची नस दुखावू शकते, छातीत हवा किंवा पाणी साठू शकते, क्वचित पेसमेकर बसवण्याची वेळ येते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फास्ट’ या युरोपातल्या चाचणीत १२४ रुग्णांपैकी काहींना कॅथेटर आणि काहींना दुर्बिणीची शस्त्रक्रिया, अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली होती. त्यांतल्या बहुतेकांची कॅथेटरची पहिली खेप फसलेली होती, बाकीच्यांची डावी कर्णिका मोठी झालेली आणि त्यांना रक्तदाबही होता. वर्षाअखेर औषधाविना लय टिकलेले रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात ६५.६ टक्के निघाले, कॅथेटरच्या गटात ३६.५ टक्के. फरक मोठा आहे. पण त्याच निबंधात दुसरा आकडा आहे: वर्षभरात काही ना काही गंभीर त्रास झालेले शस्त्रक्रियेच्या गटात ३४.४ टक्के, कॅथेटरच्या गटात १५.९ टक्के. पहिला आकडा सांगून दुसरा गाळला तर रुग्णाची संमती अर्धीच घेतली असे आम्ही मानतो.

पुढे २०२० साली ब्रिटनमधून ‘कासा-एएफ’ चाचणी आली. १२० रुग्ण, सगळे वर्षाहून अधिक काळ सलग एएफमध्ये असलेले. त्यांच्या कातडीखाली ठोके नोंदणारे लहान यंत्र बसवले होते, त्यामुळे ३० सेकंदांचा झटकाही सुटत नव्हता. इतक्या कडक पहाऱ्यात एकाच खेपेत एएफमुक्त राहिलेले शस्त्रक्रियेनंतर २६ टक्के, कॅथेटरनंतर २८ टक्के. म्हणजे दोन्ही सारखेच, आणि दोन्ही कमीच. यातून दोन गोष्टी दिसतात. यशाचा आकडा किती बारकाईने पाहिले यावर ठरतो. ‘अमुक टक्के यश’ ऐकल्यावर मोजले कसे, हे विचारलेच पाहिजे. आणि एएफ जितका जुना, कर्णिका जितकी ताणलेली, तितके कोणाच्याही हाताला यश कमी. येऊन-जाऊन होणारा एएफ आणि सात दिवसांहून अधिक टिकून राहिलेला एएफ हे व्यवहारात दोन वेगळे आजार समजावेत. पहिल्यासाठी आज कॅथेटर हाच सरळ मार्ग आहे. दुसऱ्यासाठी, औषधे आणि कॅथेटर करून झाल्यावर, शस्त्रक्रियेचा विचार येतो.

जुन्या एएफसाठी मधली वाटही निघाली आहे. ‘कन्व्हर्ज’ चाचणीत शल्यविशारदाने छातीच्या हाडाच्या टोकाखालून लहान छेद घेऊन कर्णिकेच्या मागच्या भिंतीवर बाहेरून काम केले आणि हृदयविद्युत तज्ज्ञाने नळीने आतून. वर्षअखेर लय टिकलेले ६७.७ टक्के, नुसत्या कॅथेटरने ५० टक्के. गंभीर गुंतागुंत संयुक्त गटात ७.८ टक्के, नुसत्या कॅथेटरच्या गटात एकही नाही. इथे दोन वेगळ्या विद्या एकमेकींच्या हातात हात घालून चालतात, आणि रुग्णाने कुठे जायचे हे ठरवताना हीच खूण धरावी. शल्यविशारद आणि हृदयविद्युत तज्ज्ञ दोघेही एकत्र बसून पट्टी पाहतात का? जिथे दोघांपैकी एकच आहे, तिथे सल्लाही एकाच अवजाराचा मिळण्याची शक्यता असते.

आपल्याकडच्या रुग्णांबाबत आणखी एक अडचण आहे, जी परदेशी पुस्तकांत ओझरतीच येते. तरुणपणी क्षयरोग होऊन गेलेली माणसे आपल्याकडे पुष्कळ. अशा छातीत फुप्फुस बरगड्यांच्या अस्तराला चिकटून बसलेले असू शकते. मग ते मिटवून कॅमेऱ्याला वाट करून देणे कठीण होते, कधी अशक्य. पूर्वी बायपास झालेल्यांचेही तसेच. दमेकऱ्याला किंवा फुप्फुसे थकलेल्याला एका फुप्फुसावर तास काढणे झेपत नाही. म्हणून लहानपणी छातीत पाणी झाले होते का, क्षयाचा कोर्स घेतला होता का, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता घरच्यांनी सांगावे. जुने कागद माळ्यावरच्या पेटीत असतील तर काढावेत.

रक्त पातळ करायच्या गोळीबद्दल मोठा गैरसमज आहे. ऑपरेशन झाले, पिशवी बंद झाली, आता गोळी सुटली, असे अनेक जण धरून चालतात. पहिले तीन महिने तर व्रण ताजे असतात, या काळात एएफ पुन्हा येऊ-जाऊ शकतो आणि त्यावरून यश-अपयश ठरवत नाहीत. गोळी चालूच असते. नंतरही ती लय पाहून ठरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, आधी आलेला मेंदूचा झटका यांवरून पुढच्या झटक्याचा धोका मोजतात आणि त्यावर गोळीचे ठरते. बऱ्याच जणांना ती पुढेही घ्यावी लागते. वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिनोकुमारॉल चालू असलेल्यांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासत राहायचा, तो साधारण २ ते ३मध्ये ठेवायचा. या गोळ्यांचे हिरव्या पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वाशी वाकडे आहे. उत्तरायणात चार दिवस उंधियू, त्यातली मेथीची मुठियां, आणि मग महिनाभर काहीच हिरवे नाही, अशाने आयएनआर वरखाली होतो. भाजी सोडू नये, रोजचे प्रमाण सारखे ठेवावे.

लय दुरुस्त करून माणूस तसाच ठेवला तर एएफ परत येतो. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडिलेडच्या अभ्यासात दहा टक्के किंवा त्याहून अधिक वजन उतरवून ते टिकवणाऱ्या लठ्ठ रुग्णांत एएफपासून सुटका होण्याची शक्यता सहापट दिसली. घोरणे, रक्तदाब आणि फरसाणातले मीठ हे सगळे कर्णिकेच्या भिंतीपर्यंत पोचते. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेल्या घरात या गोष्टी बोलल्या जात नाहीत, त्या बोलल्या जाव्यात.

आता या लेखाचा सगळ्यात जवळचा विषय. आतापर्यंत ज्या चाचण्या सांगितल्या, त्यांतले रुग्ण बहुतांशी असे की ज्यांच्या हृदयाच्या झडपा ठीक आहेत. आपल्याकडे मोठा हिस्सा वेगळ्या माणसांचा आहे. भारतातल्या २४ केंद्रांवरच्या १,५३७ एएफ रुग्णांची जी नोंद झाली, तिच्यात सरासरी वय जेमतेम पंचावन्न होते, आणि जवळजवळ निम्म्यांना संधिवाती ज्वराने खराब झालेली झडप होती. लहानपणी घसा सुजला, ताप आला, सांधे दुखले, कोणी फारसे मनावर घेतले नाही, वीस वर्षांनी डावीकडची मायट्रल झडप आखडली, कर्णिका ताणली, आणि पस्तिशीच्या बाईला एएफ झाला. तिच्यासाठी दुर्बिणीचे एकटे मिनी-मेझ हा मार्गच नाही. तिचा रोग झडपेत आहे. तिला रक्त पातळ करायला नव्या गोळ्याही पुरत नाहीत: भारतासह २४ देशांतल्या ४,५००हून अधिक रुग्णांच्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत २०२२ साली दिसले की संधिवाती झडपेच्या एएफमध्ये जुनी, वारंवार रक्त तपासावे लागणारी गोळीच रिव्हरॉक्सबॅन या नव्या गोळीपेक्षा सरस ठरली, ती घेणाऱ्यांत मृत्यूही कमी झाले.

पण याच बाईच्या बाबतीत सर्वांत सोपी संधी असते, आणि ती वाया जाते. झडप फुगा घालून उघडण्याजोगी राहिली नाही की तिची झडप दुरुस्त करायला किंवा बदलायला हृदय उघडावेच लागते. आता काही ठिकाणी हे उजव्या बरगड्यांमधल्या छोट्या छेदातूनही होते. त्याच वेळी कर्णिका समोर उघडी असते. मेझच्या रेषा गोठवून किंवा उष्णतेने त्याच बैठकीत काढता येतात, पिशवी आतून शिवता येते किंवा बाहेरून चाप लावता येतो. वेगळी भूल नाही, वेगळा छेद नाही. हृदयावर दुसऱ्या कारणाने शस्त्रक्रिया होत असलेल्या ४,८११ एएफ रुग्णांवरची ‘लाओस-३’ चाचणी २०२१ साली आली. निम्म्यांची पिशवी बंद केली, निम्म्यांची नाही. सरासरी पावणेचार वर्षांत मेंदूचा झटका किंवा शरीरात इतरत्र गुठळी अडकणे, हे पिशवी बंद केलेल्यांत ४.८ टक्के, न केलेल्यांत ७ टक्के. आणि बहुतेकांची गोळी चालूच होती, म्हणजे हा फायदा गोळीच्या वरचा. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ साली मायट्रल झडपेच्या ऑपरेशनबरोबर एएफचा इलाजही करावा अशी ठाम शिफारस केली आहे. खूप मोठी, वर्षानुवर्षे ताणलेली कर्णिका असेल तर मेझचा उपयोग कमी, हे खरे, निर्णय शल्यविशारदाचा. पण विचारच झाला नाही, असे होऊ नये.

तेव्हा सयाजी रुग्णालयात असो की खासगीत, झडपेच्या ऑपरेशनच्या संमतिपत्रकावर सही करण्याआधी घरच्यांनी दोन प्रश्न लिहून न्यावेत: पट्टीत एएफ आहे का, आणि असेल तर मेझ आणि पिशवी बंद करणे याच वेळी होणार आहे का? होणार नसेल तर कारण कागदावर मागावे. सरकारी आरोग्य कार्डावर ऑपरेशन असेल तर त्या पॅकेजात हे दोन्ही धरले आहेत का, तेही भरती होण्याच्या आधी, लेखी. आणि घरात शाळेत जाणारे मूल वारंवार घसा धरत असेल, तापाबरोबर त्याचे गुडघे-घोटे एकामागून एक सुजत असतील, तर त्याला त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे. संधिवाती ज्वर ठरला तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते, अनेक वर्षे, एकही खेप न चुकवता.